मूर्तिजापूर, दहा बाय अकरा

घरात छोटी रेल्वे मांडणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एकाला गाडी धावताना बघायची असते: डोंगर, बोगदा, धबधबा, पुलावरून जाणारे डबे आणि आपल्या हातात चहा. दुसऱ्याला गाडी चालवायची असते. ती कुठून आली, काय घेऊन आली, कुठल्या लाइनवर घ्यायची, समोरून येणारीला कुठे अडवायचं, याचा हिशेब ठेवायचा असतो. या दुसऱ्या पंथाची पोथी अमेरिकेत १९६३ साली निघाली. जॉन आर्मस्ट्राँग हे तिचे लेखक, आणि वाहतूक खऱ्यासारखी व्हायची असेल तर रूळ कसे आखावेत एवढाच तिचा विषय.

आमच्या वरच्या मजल्यावर हे दोन्ही पंथ दहा बाय अकरा फुटांच्या एका खोलीवरून भांडताहेत. मामा मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. भाची वास्तुविशारद. कुणालाही वाटेल की रेल्वेवाल्याला काम हवं असणार आणि वास्तुविशारदबाईंना देखावा. आहे बरोबर उलटं. मला पंच म्हणून बोलावलं, कारण लोकलच्या पासापलीकडे मला रेल्वेतलं काही कळत नाही. जे ऐकलं ते, पुनरुक्ती आणि दोनतीन टोमणे गाळून, खाली देतो.

भाची : मामा, आधी तुला काय हवंय ते एकदा नीट सांग.

मामा : बोरघाट. पावसाळ्यातला. मंकी हिलच्या बाजूने डेक्कन क्वीन बोगद्यातून बाहेर यावी, पुलावरून जावी, पुन्हा बोगद्यात शिरावी. थोड्या वेळाने परत तीच. मी खुर्चीत. बस.

भाची : कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. एचओ मापात, म्हणजे सगळं ८७ पट लहान करून, ३२० मीटर होतात. आपली खोली लांबीला साडेतीन मीटरसुद्धा नाही.

मामा : सगळा घाट कोण मागतंय? एक तुकडा दे.

भाची : तुकडा घेऊ. गाडी कुठली घेशील? एक डबा २५-२६ सेंटीमीटरचा होतो. सोळा डबे लावले तर डेक्कन क्वीन चार मीटरच्या वर जाते. म्हणजे इंजिन एका भिंतीतून बाहेर येईल तेव्हा शेवटचा डबा शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात असेल.

मामा : पाच डबे लाव.

भाची : पाच डब्यांना घाट कशाला लागतो? घाटातला चढ ३७ फुटांना एक फूट आहे, म्हणून तर मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लावतात. पाच डबे एक इंजिन हसत वर नेईल. शिवाय एक लाइन दुसरीच्या वरून न्यायची तर मध्ये आठ सेंटीमीटर तरी उंची हवी. ३७ला एकने चढायचं तर तीन मीटर रूळ नुसता चढण्यात गेला, उतरायला आणखी तीन. वळणावर चाकं घासतात ते वेगळंच. खोली भरेल, आणि तुला दिसेल काय? एक गाडी स्वतःच्या शेपटीमागे फिरताना.

मामा : कोथरूडला जोशींचं संग्रहालय आहे ना? तू लहान असताना मीच नेलं होतं. दिवे मालवले, छोट्या घरांतले दिवे लागले, गाड्या आपोआप निघाल्या, तेव्हा तू टाळ्या पिटल्या होत्यास. तिथे कुणी विचारलं होतं का गाडी कशाला चालली आहे म्हणून?

भाची : ते प्रेक्षकांसाठी केलेलं आहे, आणि फार सुंदर केलेलं आहे. प्रेक्षक अर्ध्या तासात घरी जातो. तू याच घरात राहणार आहेस. पहिला महिना तू गाडी गोल फिरवशील, दुसऱ्या महिन्यात पाहुणे आले की फिरवशील, आणि पुढच्या पावसाळ्यात मामी त्या डोंगरावर कपडे वाळत घालेल.

मामा : बरं, आता तुझा नकाशा काढ. काढच. मघापासून गुंडाळी हातात घेऊन बसली आहेस.

तिने नकाशा उलगडला. मलाही कळलं की तो अतिशय मन लावून काढला होता. ब्रॉडगेजचं जंक्शन, पाच लाइनचं यार्ड, इंजिनशेड, मालधक्का, दोन दिशांना जाणाऱ्या शाखा, आणि भिंतीआड लपवलेलं आणखी एक यार्ड. नाटकातली पात्रं विंगेत थांबतात तशा गाड्या तिथे थांबायच्या आणि वेळ झाली की बाहेर यायच्या. ही उपमा तिची नाही. १९४०च्या दशकात फ्रँक एलिसन या अमेरिकन गृहस्थाने छोट्या रेल्वेवर लेखमाला लिहिली. रेल्वे हा रंगमंच, गाड्या ही पात्रं आणि वेळापत्रक ही संहिता, असं त्याने तिच्यात मांडलं. गाडी ‘मुंबईहून’ येते याचा अर्थ ती पडद्याआडून येते, एवढं मान्य केलं की दहा फुटांच्या खोलीतही मुंबई मावते.

मामा : सांधे किती आहेत यात?

भाची : एकतीस.

मामा : आणि माणसं? मला ड्यूटीचार्ट सांग. यार्डमास्तर कोण, केबिनमध्ये कोण, कंट्रोलवर कोण, दोन ड्रायव्हर कोण?

भाची : मी आहे, तू आहेस, माझे दोन मित्र रविवारी येतील…

मामा : रविवारी येतील. आमच्याकडेही कागदावर सगळा स्टाफ हजर असायचा.

भाची : खरी अडचण आहे ती, कबूल. इंग्लंडमध्ये पीटर डेनी नावाचे एक धर्मगुरू होते. बकिंगहॅम नावाची त्यांची छोटी रेल्वे फार प्रसिद्ध आहे. एका स्टेशनाचं काम त्यांचा मुलगा करायचा. मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडला, तेव्हा त्यांनी जुनेपाने भाग जमवून एक यंत्र केलं. ते यंत्र पलीकडच्या स्टेशनाचं काम आपोआप करायचं. त्याचं नावही त्यांनी मुलाच्याच नावावरून ठेवलं.

मामा : हे तू कौतुकाने सांगतेस की मला घाबरवतेस?

भाची : दोन्ही.

मामा : मग आता माझं ऐक. तुला खऱ्यासारखं काम हवंय. खरं काम मी केलंय. रात्री अडीचला शेजारच्या स्टेशनवरून घंटा येते, लाइन क्लिअर मागतात. आधीची गाडी पूर्ण आली का, तिच्या शेवटच्या डब्यामागचा दिवा मी स्वतः पाहिला का, रजिस्टरमध्ये वेळ टाकली का, हे सगळं पाहून मगच ‘हो’ म्हणायचं असतं. ‘हो’ म्हणायला एक सेकंद लागतो. चुकलं तर माणसं मरतात. सगळी रेल्वे त्या भीतीवर चालते. नियमांची पुस्तकं त्या भीतीतून लिहिलेली आहेत. तुझ्या खोलीत रूळ येतील, सिग्नल येतील, बारीकसारीक शिट्ट्यासुद्धा येतील. ती भीती कुठून आणणार? दोन गाड्या समोरासमोर आदळल्या तर तू हाताने उचलून परत ठेवणार. याला काम म्हणत नाहीत, सोंग म्हणतात.

भाची : सोंगच आहे. नाटकात तरी कोण खरं मरतं? पण नटाला पाठ चुकण्याची भीती असतेच, आणि ती अगदी खरी असते. मला तेवढी पुरे. माझी गाडी उशिरा सुटली म्हणून पलीकडच्या स्टेशनावर तू खोळंबलास, तर मला लाज वाटेल. वाटली पाहिजे.

मामा : लाज ठीक आहे.

भाची : मग निदान कोडं तरी? जॉन अ‍ॅलन नावाचा एक माणूस होता, कॅलिफोर्नियात, मॉन्टेरेला. त्याच्या रेल्वेवरचे डोंगर जमिनीपासून छतापर्यंत होते. तुझ्या पंथाने त्याला देव मानलं. पण तो स्वतः मित्रांना जमवून वेळापत्रकाने गाड्या चालवायचा. त्याने शंटिंगचं एक कोडं तयार केलं. एवढ्याशा फळीवर पाच सांधे, आखूड साइडिंग, आणि वाघिणी कमीत कमी हालचालींत आपापल्या जागी न्यायच्या. हे बघ.

मामांनी चष्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता हरले.

मामा : असं यार्ड कुणी बांधलं असतं तर आमच्या टीआयने, म्हणजे ट्रॅफिक इन्स्पेक्टरने, त्याची बदली केली असती. बघ, इथे इंजिन आणि दोन वाघिणी मावतात, आणि कामाला तीन लागतात. मुद्दाम! खरं यार्ड बांधणारा माणूस डोकं खाजवून खाजवून हेच बघत असतो, की शंटिंग करणाऱ्याला कमीत कमी हालचाल पडावी. यार्ड सोपंच असतं गं. काम अवघड होतं ते मेल येऊन ठेपलेली असते म्हणून. होम सिग्नलला मालगाडी उभी असते, इंजिनाला पाणी घ्यायचं असतं, आणि धक्क्यावर हमालांनी एक वाघीण अजून अर्धीच रिकामी केलेली असते. तुझ्या त्या माणसाने अडचण रुळांत ठेवली. ती वेळेत असते.

या ठिकाणी भाची गप्प झाली, आणि मला वाटतं, मामा इथे जिंकले. नंतर मी त्या कोड्यांबद्दल थोडं वाचलं. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन राइट यांचं एक कोडं आहे. त्यात तीनच साइडिंग असतात: एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या काढून पाच जणींची ठरलेल्या क्रमाने गाडी जोडायची. असे क्रम ६,७२० होतात, म्हणजे रोज एक सोडवला तरी अठरा वर्षं पुरेल. याचे रूळ निदान सरळ आहेत. मामांना दाखवलं तर त्यांनी “हे चालेल” एवढंच म्हटलं. त्यांच्या मानाने ही प्रशस्ती आहे.

भाची : म्हणजे तू कामाच्या विरुद्ध नाहीस. खोट्या कामाच्या विरुद्ध आहेस.

मामा : मी कामाच्याच विरुद्ध आहे. पेन्शन मिळतं मला. पण करायचंच म्हणालीस तर जेवढी माणसं तेवढंच काम असलेली रेल्वे निवड. एकतीस सांध्यांची रेल्वे दोघांनी चालवणं म्हणजे भुसावळ यार्ड पोर्टरच्या हाती देणं.

भाची : अशी कुठली रेल्वे आहे जिथे एक माणूस सगळं करतो?

मामा : शकुंतला.

भाची : काय?

मामा : मूर्तिजापूरची नॅरोगेज. एका बाजूला अचलपूर, दुसऱ्या बाजूला यवतमाळ. शेवटी शेवटी त्या लाइनवर स्टाफ इतका कमी उरला होता की गार्डच तिकिटं फाडायचा, तोच सिग्नलचं बघायचा, तोच इंजिन जोडायचा-सोडायचा. तुला एका माणसाची रेल्वे हवी ना? ती तिथे खरोखर होती. तिच्यात सोंग कमी लागेल.

भाचीने तिथल्या तिथे वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड सुरू केली. ती मी जमेल तशी उतरवून घेतली, कारण या छंदाचं गणित मला त्या पानात कळलं.

आपल्याकडच्या ब्रॉडगेजचं माप १६७६ मिलिमीटर. ८७ने भागलं की १९.३ येतात. बाजारात एचओचा रूळ मिळतो तो १६.५चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५च्या गेजवरून काढलेला आहे. म्हणून भारतीय इंजिन त्यावर ठेवलं की अंगाने धिप्पाड आणि पायाने बारीक दिसतं. डोळा सरावलेल्या माणसाला ते खुपतं. शकुंतलेचं माप ७६२. त्याला ८७ने भागलं की ८.७६. आणि ९ मिलिमीटरचा रूळ जगभर सहज मिळतो, नॅरोगेज बनवणारे तोच वापरतात. पाव मिलिमीटरचा फरक कुणाच्या बापाला दिसत नाही. गाड्या लहान आणि डबे आखूड, त्यामुळे जिथे ब्रॉडगेजच्या डब्याला साठ-सत्तर सेंटीमीटर त्रिज्येचं वळण लागलं असतं, तिथे तीस सेंटीमीटरमध्ये भागतं. खोलीचा कोपरा एकदम मोकळा झाला.

वेगाचा हिशेब तर मला फारच आवडला. ताशी २० किलोमीटरची गाडी या मापात सेकंदाला साडेसहा सेंटीमीटरही जात नाही. दोन भिंतींना लावलेल्या फळीवर पाचेक मीटर रूळ बसतो. तेवढा पार करायला तिला सव्वा मिनिट लागेल. मेल गाडी तेवढंच अंतर पंचवीस सेकंदांत उडवून लावते आणि भिंतीत जाऊन बसते. हळू गाडीला खोली मोठी असते.

भाची : मामा, यवतमाळ लाइन किती लांब?

मामा : ११३ किलोमीटर. अचलपूर ७६.

भाची : ११३ म्हणजे ८७ने भागूनही तेराशे मीटर. ते पडद्याआड. पुढे फक्त मूर्तिजापूर, आणि कोपऱ्यावरून वळून एक मधलं स्टेशन. कारंजा घेऊ?

मामा : कारंजा घे, दारव्हा घे, काय हवं ते घे. पण मूर्तिजापूर असं नाही. तुझ्या या नव्या नकाशात दोन्ही शाखा एकाच बाजूला गेल्यात.

भाची : माहीत आहे. पडद्यामागे एकच पेटी ठेवायची आहे म्हणून. पेटीसुद्धा नाही, फळ्या. एकेका फळीवर एकेक गाडी उभी. अचलपूरची गाडी हवी तर तिची फळी रुळाला जुळवायची. परत आली की फळी उचलून उलटी फिरवायची, इंजिन आपोआप पुढे. मागे एकही सांधा लागत नाही.

मामा : आणि ब्रॉडगेज?

भाची : मागच्या भिंतीला चिकटून एक लाइन. तिच्यावर चार वाघिणी, कायमच्या उभ्या. त्या धावणार नाहीत, म्हणून तो रूळ मी हाताने १९.३चा बसवीन. तेवढा एक तरी बरोबर असू दे.

मामा : धावत नाही म्हणून बरोबर! सरकारी काम शिकलीस.

इथे मामी आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो असा, की खोलीचं दार आत उघडतं, मग ही फळी दारापाशी कशी जाणार? कुणाच्याच नकाशात दार नव्हतं. मूर्तिजापूर अर्धा मीटर आखूड झालं. नव्या नकाशातल्या सात सांध्यांचे सहा उरले. फळी छातीच्या उंचीवर घ्यायचंही तेव्हाच ठरलं, म्हणजे खाली मामींची कपाटं राहतील आणि मामांना वाकावं लागणार नाही. वाकून, फळीखालून सरपटत आत शिरायचं, ही या छंदातली जगभरची प्रथा आहे. मामांच्या गुडघ्यांनी ती एकमताने फेटाळली.

मामा : आता मला सांग, ती गाडी मूर्तिजापूरला आली. पुढे?

भाची : प्रवासी उतरले. इंजिन सुटलं, पुढे गेलं, लूपवरून मागे आलं, दुसऱ्या टोकाला लागलं.

मामा : लूपमध्ये अख्खी गाडी बसते का? का इंजिन फिरताना शेवटचा डबा सांध्यावर?

भाची : चार डबे, एक ब्रेकव्हॅन आणि सांध्यापासून बोटभर जागा. मोजलंय.

मामा : मालाचं काय? ती लाइन प्रवाशांसाठी कुणी घातली नव्हती. वऱ्हाडातला कापूस मुंबईला न्यायला घातली होती, मुंबईहून बोटीने मँचेस्टरला. इंजिनंही मँचेस्टरहूनच आली होती, झेड-डी. १९९४पर्यंत वाफेवर चालली, मग डिझेल. कापूस नसेल तर तुझ्या यार्डाला अर्थ नाही.

भाची : तेच म्हणते आहे मी मघापासून! प्रत्येक वाघिणीला एक कार्ड. कार्डाच्या खिशात एक चिठ्ठी, तिच्या चार बाजूंना चार मुक्काम लिहिलेले. पहिल्या फेरीत ‘कारंजा, जिनिंग, रिकामी’. काम झालं की चिठ्ठी फिरवायची: ‘मूर्तिजापूर धक्का, रुईच्या गाठी’. मग ‘यवतमाळ, मीठ’. मग ‘मूर्तिजापूर, रिकामी परत’. अमेरिकेत डग स्मिथ यांनी १९६१मध्ये कार्डांची ही पद्धत मांडली, अजून चालते आहे.

मामा : अमेरिका कशाला? आमच्या वाघिणींना लेबलं असायची की. कुठून, कुठे, काय माल. बिल्टी वेगळी. फक्त आमचं लेबल पावसात भिजायचं आणि वाघीण तीन आठवडे भलत्याच साइडिंगला पडून राहायची. तेही घाल तुझ्या खेळात.

भाची : घालीन. दर वेळी एक कार्ड गहाळ.

मामा : आणि बाराही महिने कापूस नको. दिवाळीनंतर सुरू होऊ दे. हंगामात रिकाम्या वाघिणी कमी पडल्या पाहिजेत, तिन्ही जिनवाल्यांनी एकदम मागितल्या पाहिजेत आणि तुझ्याकडे चारच असल्या पाहिजेत. कुणाला द्यायच्या हे ठरवताना घाम फुटतो. वैशाखात यार्ड मोकळं. तेव्हा मला चहा घेत गाडी बघायची आहे.

पंच म्हणून मी इथे नोंद करतो, की कामाच्या विरुद्ध असलेल्या माणसाने गेल्या पाच मिनिटांत कामाच्या चार कलमांची भर घातली होती. मी तसं बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी बोरघाट परत काढला असता.

मात्र घड्याळावर दोघांचं जमलं नाही, आणि अजूनही जमलेलं नाही. या छंदात घड्याळ पळवतात: एका खऱ्या तासात सहा तास. म्हणजे संध्याकाळी चार तासांत अख्खा दिवस चालवता येतो. यवतमाळहून ताशी २०ने येणाऱ्या गाडीला खरे पावणेसहा तास लागले असते. पळत्या घड्याळात ती तासाभरात येते.

मामा : आणि वाघीण जोडायला?

भाची : जोडायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

मामा : म्हणजे खरं एक मिनिट. तुझ्या घड्याळात सहा. चार वाघिणी जोडेपर्यंत तुझी अर्धी सकाळ गेली. गाडी विमानाच्या वेगाने येते आणि पॉइंट्समन गोगलगाय.

भाची : पण घड्याळ नसेल तर उशीर कसा कळणार? तूच म्हणालास, अडचण वेळेत असते.

मामा : अडचण वेळेत असते म्हणजे क्रमात असते. ही गाडी गेल्याशिवाय ती येणार नाही. याचा माल उतरल्याशिवाय ती वाघीण मोकळी नाही. क्रम लिही एका पाटीवर. पहिलं काम झालं की दुसरं. लागेल तेवढा वेळ लागू दे. त्या लाइनवर घड्याळ बघून कुणाचं भलं झालं?

भाची : पुस्तकात क्रमाने चालवणारेही आहेत, पण ते…

मामा : पुस्तक राहू दे. आणि सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. नियमांच्या पुस्तकात तशी पद्धतच आहे, ‘वन ट्रेन ओन्ली’. एक दांडा ठेव. कारंज्याकडे जाणाऱ्याच्या हातात दांडा असला तर गाडी निघेल, नसला तर नाही. दोन माणसांत यापेक्षा जास्त सिग्नल लागत नाही.

भाची : आणि घंटा?

मामा : घंटा नको. (थोडं थांबून) एक ठेव. पण मी वाजवणार.

माझं मत मी तेव्हा दिलं नाही, इथे देतो. घड्याळाच्या बाबतीत मला मामांचं पटतं. भाचीला जे हवं होतं, म्हणजे प्रत्येक हालचालीला कारण असणं, ते तिला चिठ्ठीतून आणि दांड्यातून मिळालेलंच आहे. पण तिची एक गोष्ट मामांनी अजून मोजलेली नाही. घड्याळाशिवाय खेळलं तर मामा कधीच हरत नाहीत. उशीर झाला हे सिद्धच करता येत नाही. स्टेशनमास्तराला याहून सुखाची नोकरी कुठली?

देखाव्याचं काय झालं, असं कुणी विचारेल. डोंगर गेला, धबधबा गेला. मामांनी हट्टाने एक लपलेला रूळ मागून घेतला. तो फळीच्या मागून, भिंतीलगत, दुसऱ्या टोकाला परत येतो, म्हणजे मनात आलं तर गाडी नुसती फिरत ठेवता येईल. भाचीने तो नकाशात तुटक रेघेने दाखवला आहे, जणू तो अनधिकृत बांधकाम आहे. बाकी जे आहे ते वऱ्हाडी आहे: काळी जमीन, बाभळी, रूळ दिसेनासा करणारं गवत, आणि मालधक्क्यावरच्या पांढऱ्या गाठी. मामा म्हणाले, बाभळी मी करणार. तार आणि काथ्या लागेल.

मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं.

मामा : ब्रॉडगेजवर उभी असलेली गाडी हलत नाही म्हणालीस ना?

भाची : नाही. देखावा आहे तो.

मामा : पण मुंबईहून येणारी पॅसेंजर लेट असणारच. तिच्यातून यवतमाळचे प्रवासी उतरणार. तुझी नॅरोगेज सुटायची वेळ झालेली. तेव्हा काय करशील?

भाची : पत्ते ठेवीन. एक पत्ता काढायचा: वेळेवर, वीस मिनिटं लेट, दीड तास लेट.

मामा : दीड तास आला. गाडी धरून ठेवशील?

भाची : नाही. कारंज्याला रिकाम्या वाघिणींची वाट बघताहेत. अचलपूरची गाडी यायची आहे, तिला फलाट हवा.

मामा : आणि ती माणसं? बायकापोरं, गाठोडी. पुढची गाडी उद्या.

भाची : मामा, प्लॅस्टिकची आहेत ती.

मामा : माझ्या स्टेशनात नाहीत. गाडी थांबेल. अचलपूरवाली बाहेर उभी राहू दे होमला.

भाची : होम सिग्नल आपण काढून टाकला, मघाशी.

मामा : मग परत लाव.